मूत्राशय काढल्यावरही खालून रक्त आलं तर

तायांनो, मागच्या बैठकीत एकीने उठता उठता हळूच विचारलं, "कॅन्सरमुळे मालकांची लघवीची पिशवी काढली. आता लघवी पोटावर लावलेल्या पिशवीत येते. मग खालून कपड्याला रक्ताचा डाग कसा?" दोन महिने तिने कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटते हो, विषय काढताना मलाही वाटली.

असं बघा, मूत्राशय काढलं तरी पुरुषांची लघवीची नळी बरेचदा तशीच ठेवतात. तिचं आतलं अस्तर मूत्राशयासारखंच, म्हणून क्वचित तिथेही कॅन्सरची गाठ येते. बहुतेकदा ऑपरेशननंतरच्या पहिल्या 2 वर्षांत, पण उशिराही येऊ शकते. बायकांची नळी अनेकदा सोबतच काढतात. ठेवली असेल तर त्यांनीही लक्ष ठेवायचं. काहींना आतड्याची पिशवी आतच बसवतात, त्यांना लघवीतून रक्त दिसेल.

रक्त, स्राव, दुखणं किंवा हाताला गाठ, यातलं काहीही जाणवलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. ऑपरेशनचे कागद घ्या आणि त्याच डॉक्टरांना दाखवा. ते दुर्बिणीने नळी आतून बघतात. लवकर सापडलं तर उपचार होतो, गरज पडल्यास नळी काढतात. आणि बिडी अजून चालू असेल तर तेही डॉक्टरांना खरं सांगा.

ती ताई मंगळवारी मालकांना घेऊन जिल्ह्याला गेली. सोबत गटातल्या दोघी होत्या.