मोटारीतील सॉकेट

मुलांनो, मोटारीत चालकाजवळ एक गोल, खोलगट जागा असते. ती तुम्ही पाहिली असेल. पूर्वी तिथे सिगारेट पेटवण्याचा लायटर बसवत. आता तिथे मोबाइलचा चार्जर किंवा चाकात हवा भरण्याचा लहान पंप लावतात. या जागेला सॉकेट म्हणतात. सॉकेटला १२ व्होल्टच्या बॅटरीतून वीज मिळते.

कधी कधी सॉकेट अचानक बंद पडते. लगेच नवे आणावे का? नाही. आधी त्याचा फ्यूज पाहावा. फ्यूजमध्ये धातूची बारीक पट्टी असते. प्रमाणाबाहेर वीज वाहू लागली, की ती वितळते आणि विजेची वाट बंद होते. फ्यूज स्वतः जळतो. पण तारांना जळू देत नाही.

सॉकेटच्या तळाचे टोक धन आणि बाजूचा धातू ऋण असतो. आत नाणे पडून दोन्हींना लागले, तरी फ्यूज जातो. म्हणून आधी नाणे काढावे. मगच तेवढ्याच अँपिअरचा नवा फ्यूज लावावा. लाल फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५ चा आणि पिवळा २० चा असतो. फ्यूज वारंवार जातो म्हणून काही जण मोठा फ्यूज लावतात किंवा तार गुंडाळतात. हे फार धोक्याचे आहे. मग फ्यूजऐवजी आतली तार तापते आणि मोटारीला आग लागू शकते.

फ्यूज चांगला असूनही सॉकेट चालत नसेल, तर ते बदलावे लागते. हे काम जाणत्या माणसासोबतच करावे. मोटार बंद करून प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवावी. मोटारीचा पत्रा ऋण टोकाला जोडलेला असतो. धन तार आधी सोडवताना पाना पत्र्याला लागला, तर मोठी ठिणगी उडते. नंतर सॉकेट बाहेर काढावे. मागच्या तारा ओढू नयेत. जोडणीची खिटी दाबून ती सोडवावी. त्याच मापाचे नवे सॉकेट बसवावे. बॅटरीची ऋण तार सर्वांत शेवटी जोडावी.

मुलांनो, वस्तू बंद पडली, तर ती का बंद पडली हे आधी शोधा. मगच ती बदला.

स्वाध्याय
१. फ्यूज तारांचे रक्षण कसे करतो?
२. मोठा फ्यूज लावणे धोक्याचे का असते?
३. बॅटरीची कोणती तार प्रथम सोडवावी? का?