मैत्रिणींबरोबर निघण्याआधी

अगं, तुमचं लोहगडचं पक्कं झालं हे काल काकूंकडून कळलं. फार बरं वाटलं. लालबागच्या तुम्ही दोघी, परळची एक, दादरची एक आणि गिरगावातून येणारी पाचवी. काकू थोड्या काळजीत आहेत, पण त्यांनी नाही म्हटलेलं नाही. मीही त्यांना म्हटलं, जाऊ दे पोरींना.

आता जरा बस माझ्याजवळ. बॅगेत काय भरायचं ते तुला मोबाइलवर शंभर ठिकाणी सापडेल. मैत्रिणींबरोबर जाताना आपसात काय बोलून घ्यायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. सहल पावसामुळे किंवा गाडी चुकल्यामुळे क्वचितच बिघडते. ती बिघडते मनात ठेवलेल्या गोष्टींनी. पैसे किती, चालायचं कसं, घरी काय सांगितलंय आणि परत कधी फिरायचं, एवढं निघण्याच्या आठवडाभर आधी पाचही जणींनी भेटून बोलून घ्या. ग्रुपवर अंगठा दाखवला म्हणजे होकार असतोच असं नाही. समोर बसलं की चेहरा कळतो.

पैशांपासून सुरुवात करा, कारण तेच बोलायला सगळ्यात जड जातं. तुम्ही टीटीएमएम म्हणता ते हॉटेलात ठीक आहे. प्रवासात दर चहाला पाच पाकिटं उघडली की कोण किती वेळा हात मागे घेतं ते सगळ्यांना दिसतं, आणि जिच्याकडे कमी असतं तिचा जीव मेटाकुटीला येतो. माझ्या ओळखीची एक मुलगी दर सहलीच्या आदल्या रात्री तब्येत बरी नाही म्हणून कळवायची. बाकीच्या रुसायच्या. तिचा पगार घरात जात होता आणि हातात काही उरत नव्हतं, हे फार उशिरा कळलं. म्हणून माझा नियम असा: ज्या मैत्रिणीला सगळ्यात कमी परवडतं, तिच्या आकड्यावर सगळ्यांचं बजेट ठरवायचं. हा आकडा तिला चारचौघींत विचारायचा नाही. एकीने एकटीत विचारायचा आणि मग सगळ्यांपुढे स्वतःचा म्हणून सांगायचा.

काँट्री आधीच काढा. सगळ्यांचे पैसे एका पाकिटात, पाकीट एकीकडे आणि हिशेबाची छोटी वही दुसरीकडे. रिक्षा, चहा, वडापाव, जे असेल ते तिथल्या तिथे लिहायचं. परतीच्या गाडीत वही मोठ्याने वाचायची आणि उरलेले पैसे वाटून टाकायचे. सोमवारी कुणाच्या डोक्यात हिशेब उरता कामा नये. पुढच्या वर्षी मोठी सहल करायची असेल तर आतापासून भिशी लावा. आपल्या चाळीत बायका भिशीतून फ्रिज घेतात, सोनं घेतात. तुम्ही त्यातून कोकण करा. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४पासून साठ दिवस आधी उघडतं, पूर्वी एकशे वीस दिवस होते. म्हणजे दोन महिने आधी पैसे हातात हवेत. एसटीने गेलात तर १७ मार्च २०२३पासून बायकांना राज्यात अर्धंच तिकीट आहे. त्याचा पुरेपूर फायदा घ्या, पाच जणींचं भाडं अडीच जणींवर येतं.

आता दिवस. तुम्ही जुलैतला रविवार धरलाय असं ऐकलं. तो बदला. लोहगड मुंबई-पुण्याच्या मध्ये, गाडी सोयीची, पायऱ्या बांधलेल्या, त्यामुळे पावसाळ्यातल्या रविवारी तिथे लालबागच्या रांगेसारखी गर्दी असते. दरवाज्यांत माणसं तासन्‌तास अडकून पडल्याचे व्हिडिओ तूही पाहिले असशील. त्यात ११ जुलै २०२५ला युनेस्कोने महाराजांचे जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत लोहगड आहे. आपल्याला त्याचा अभिमानच आहे, पण गर्दी आता कमी होणार नाही. गणपतीचे दहा दिवस तुम्हाला कुणाला सवड नसते, हे मला ठाऊक आहे. विसर्जन झालं, पाय जरा दुखायचे थांबले, की पुढचा शनिवार पकडा. पाऊस ओसरलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात आणि कड्यांवर पिवळी सोनकी फुललेली असते.

जायचं कसं, तेही सांगते. पहाटेची इंद्रायणी दादरला पकडा. गिरगावच्या मुलीला त्या वेळी चर्नी रोडहून येऊन, पूल ओलांडून मध्य रेल्वेवर धावत पोचायला लावू नका. आदल्या रात्री तिला तुमच्याकडे झोपायला बोलवा. तिच्या आईलाही बरं वाटेल. घाटाखाली कर्जतला गाडी थांबली तर खिडकीतून दिवाडकरांचा वडा घ्या. लोणावळ्याला उतरून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलने पुढचंच स्टेशन मळवली. तिथून एक्स्प्रेसवेवरचा पूल ओलांडला की भाजे गाव येतं. वर भाज्याची लेणी आहेत, दोन हजार वर्षांहून जुनी, ती चुकवू नका. मग गायमुख खिंडीत चढून यायचं: डाव्या हाताला विसापूर, उजवीकडे लोहगड. लोहगडवाडीतून पायऱ्या सुरू होतात आणि गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकापाठोपाठ लागतात. गणेश दरवाज्याच्या पुढच्या वळणावर उभी राहून खाली बघ. वाट अशी वळवलीय की वर येणारा माणूस प्रत्येक पावलाला वरच्या बुरुजाच्या माऱ्यात राहतो. आपल्या माणसांनी किती विचार करून दगड रचलाय, ते तिथे उभं राहिल्यावर समजतं.

चालताना एक पद्धत पाळा, मुंबईतल्या डोंगरवेड्या संस्था वर्षानुवर्षं पाळत आल्या आहेत ती. गिरिविहारसारखी संस्था तर १९५४पासून या शहरात आहे. वाट माहीत असलेली पुढे, दमाची आणि शांत स्वभावाची सगळ्यात मागे, आणि सगळ्यात हळू चालणारी पुढचीच्या लगेच मागे. म्हणजे सगळ्यांची चाल तिच्या चालीवर राहते. हळू चालणारीला शेवटी ठेवलं की पुढच्या थांबून वाट बघतात, ती धापा टाकत पोचते आणि ती पोचली की पुढच्या लगेच निघतात. तिला विश्रांती मिळतच नाही. दोन वळणांत तिचा चेहरा उतरतो, आणि मग ती पुढच्या सहलीला येत नाही.

आता बायकांचं बोलते, कान दे. गडावर शौचालयाची खात्री नाही, म्हणून मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. हे अजिबात करायचं नाही. दुपारपर्यंत डोकं ठणकतं, चढताना गरगरतं आणि घरी आल्यावर लघवीला जळजळ सुरू होते. पाणी पोटभर प्यायचं, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी वेगळ्या बाटलीत घ्यायचं. लोणावळ्याला आणि वाडीतल्या घरगुती हॉटेलात सोय विचारून घ्यायची. त्या मावश्या नाही म्हणत नाहीत, फक्त त्यांच्याकडेच जेवा, पिठलं-भाकरी छान असते. वर अडलंच तर दोघींनी ओढणी धरायची, यात लाजायचं काही नाही. कुणाची पाळी आली तर तिने सांगावं आणि बाकीच्यांनी तिची बॅग वाटून घ्यावी. वापरलेले पॅड कागदात, मग पिशवीत आणि पिशवी परत घरी. गडावर काही टाकायचं नाही. आणि तुमच्याच चिवडा गल्लीतला चिवडा न्या, तिखटमिठाच्या पुऱ्या न्या. वेफर्सच्या पाकिटांनी पोट भरत नाही.

घरी खरं सांगून निघा, पाचही जणींनी. एखादीच्या घरी गडावर जायला परवानगी मिळत नाही, मग ती ऑफिसच्या पिकनिकला जाते म्हणून सांगते आणि बाकीच्या तिला साथ देतात. मैत्रीखातर करतात, मला समजतं. पण उद्या पाय मुरगळला, गाड्या बंद पडल्या, तर तिच्या घरचे भलत्याच ठिकाणी शोधत बसतील. तिचे वडील नाही म्हणत असतील तर मला घेऊन चला, मी बोलते त्यांच्याशी. आपल्या भागातली माणसं कडक वाटतात, पण चार मुलींची नावं, गाडीची वेळ आणि घरचे नंबर कागदावर लिहून दिले की निम्मा विरोध तिथेच गळतो. मी पाहिलंय ते.

फोटोंचंही तसंच. ज्या मुलीने ग्रुपबाहेर टाकू नका म्हटलं, तिचा फोटो बाहेर जाता कामा नये. आणि आत्ता आम्ही इथे आहोत असं तिथून जगाला सांगायचं नाही. घरी पोचल्यावर हवं तेवढं टाका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, परत फिरणं. परतीची वेळ आधी ठरवा आणि तिथून उलटं मोजत सकाळपर्यंत या. दुपारच्या वेळी लोणावळा-पुणे लोकल तुरळक असतात, त्यामुळे मळवलीहून निघायची गाडी आदल्या दिवशीच बघून ठेवा. विंचूकाट्यापर्यंत जायचंच असं मनात धरू नका. तो डोंगराच्या शेपटासारखा लांब पट्टा सुंदर आहे, पण उशीर झाला तर वरून बघून परत या. तो कुठे जात नाही. आणि ग्रुपचा एक कायदा करा: पाचांतली एक जरी म्हणाली, मला पुढे नको, तर सगळ्या फिरणार. कारण विचारायचं नाही, घाबरलीस का म्हणून चिडवायचं नाही. ज्या ग्रुपमध्ये नको म्हणता येतं, त्याच ग्रुपबरोबर फिरावं.

हे मी उगाच ताणत नाही. ३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाऊस वरच्या पठारावर पडतो आणि पाणी खाली येतं तेव्हा मिनिटांचासुद्धा अवधी मिळत नाही. पाणी गढूळ झालं, आवाज बदलला, की ताबडतोब बाहेर. आणि पुढे अलिबागला जाल तेव्हा भाऊच्या धक्क्यावर जरा थांबा. १७ जुलै १९४७ला इथून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. दुसऱ्या दिवशीची अमावास्या घरी करायची म्हणून निघालेली मुंबईतली साधी माणसं होती ती. लाँच खच्चून भरली असेल, समुद्र खवळला असेल, तर पुढच्या लाँचची वाट बघा. तिकिटाचे पैसे बुडाले तर बुडू दे. काही अडलं तर ११२, गाडीत असाल तर १३९, हे दोन नंबर पाचही फोनमध्ये ठेवा. गडावर रेंज जाते, म्हणून कागदावरही लिहा.

आणि परत आल्यावर एक काम कर. कुठे किती भाडं पडलं, कुठे पाणी मिळालं, बायकांची सोय कुठे झाली, कोणती वाट घसरडी होती, सगळं लिहून काढ. पंडिता रमाबाई अमेरिकेहून आल्यावर नुसत्या आठवणी सांगत बसल्या नाहीत. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, ते आपल्या चौपाटीजवळ, आणि त्याच वर्षी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत छापलं. तिकडे बायका कशा शिकतात, संस्था कशा चालवतात, हे इथल्या बाईला कळावं म्हणून. तुमचं लोहगड त्यापुढे लहान आहे, पण काम तेच आहे. एकीने माहिती दिली की दुसरीच्या आईला होकार देणं सोपं जातं. आपल्या चाळीत अशा कितीतरी मुली आहेत ज्या गावाच्या पलीकडे कुठे गेलेल्या नाहीत, कारण त्यांना कुणी चल म्हटलेलं नाही.

म्हणून पुढच्या वेळी त्यांतल्या एकीला बरोबर घ्या, तिचा आकडा आधी विचारून. आणि आता या शनिवारी पाच जणी बसा, बोलून घ्या, आणि गाडीची वेळ व पाच घरांचे नंबर मला पाठवा. काकूंना मी सांभाळते. तुम्ही जाऊन या.