ब्लू स्क्रीन: फॉरमॅट करण्यापूर्वी

घरातला संगणक वारंवार ब्लू स्क्रीन दाखवून बंद पडू लागला की विंडोज पुसून नव्याने टाकावी, म्हणजेच बोलीभाषेत ‘फॉरमॅट मारावा’, असा सल्ला बहुतेक ठिकाणी सर्वप्रथम मिळतो. बिघाड यंत्राच्या एखाद्या भागात असेल तर या उपायाने दुहेरी नुकसान होते, कारण दोष जागच्या जागी राहतो आणि तो कोठे आहे हे सांगू शकणाऱ्या नोंदी मात्र पुसल्या जातात.

विंडोजमध्ये कामाचे दोन स्तर असतात. ब्राउझर, टायपिंगचे किंवा हिशेबाचे सॉफ्टवेअर यांसारखे प्रोग्रॅम ‘यूजर मोड’ या बंदिस्त स्तरात चालतात आणि त्यांपैकी एखादा कोलमडला तरी बाकीचे काम सुरू राहते. परंतु कार्यप्रणालीचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, आणि यंत्रातील भागांशी बोलणारे ड्रायव्हर हे ‘कर्नल मोड’मध्ये चालत असल्याने तेथे झालेली चूक थेट सर्व स्मृतीला आणि डिस्कवरील माहितीला बाधू शकते. अशी चूक आढळताच पुढे चुकीचे काही लिहिले जाऊ नये म्हणून विंडोज स्वतःहून थांबते, आणि हे थांबणे म्हणजेच ब्लू स्क्रीन. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अद्ययावत फाइलमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणक एकाच वेळी याच रीतीने थांबले आणि भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या संगणकांचे सुटे भाग मात्र ठीक होते. विंडोज ११ मध्ये २०२५ साली या पडद्याचा निळा रंग जाऊन काळा आला, तरी त्यावरील ‘स्टॉप कोड’, म्हणजे थांबण्याचे कारण सांगणारी ओळ, कायम आहे.

हा कोड वाचता यावा म्हणून सिस्टिम प्रॉपर्टीजमधील ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ या भागात जाऊन ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढावी आणि आलेला पडदा मोबाइलने टिपून ठेवावा. प्रत्येक वेळी थांबताना विंडोज सहसा ‘मिनिडंप’ नावाची लहान फाइलही लिहिते, जिच्यात त्या क्षणी कोणता कोड आला आणि कोणता ड्रायव्हर चालू होता याची नोंद असते. सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरात याच नावाच्या फोल्डरात या फाइल साठतात, आणि मायक्रोसॉफ्टच्या विनडीबीजी किंवा वापरायला सोप्या असलेल्या ब्लूस्क्रीनव्ह्यू या मोफत साधनांनी त्या उघडता येतात. संगणक ‘साफ’ करणारी काही सॉफ्टवेअर या फाइल कचरा समजून काढून टाकतात, म्हणून शोध पूर्ण होईपर्यंत ती चालवू नयेत. ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ उघडल्यास कोणत्या तारखेला यंत्र कोलमडले आणि त्याच्या आगेमागे काय नवे टाकले गेले हे एका तक्त्यात दिसते, आणि पुष्कळदा उत्तर तेथेच सापडते.

एकच कोड आणि एकच ड्रायव्हर फाइल पुन्हा पुन्हा येत असेल तर संशय त्या ड्रायव्हरवर जातो, ‘कर्नल डेटा इनपेज एरर’सारखा कोड डिस्कवरून माहिती वाचता न आल्याचे सुचवतो, ‘डब्ल्यू एच ई ए अनकरेक्टेबल एरर’ हा प्रोसेसर, उष्णता किंवा वीजपुरवठा यांकडे बोट दाखवतो. सर्वांत फसवा प्रकार मात्र दर वेळी निराळा कोड येण्याचा असतो. आज ‘मेमरी मॅनेजमेंट’, उद्या ‘आय आर क्यू एल नॉट लेस ऑर इक्वल’, परवा आणखी काही, असे होऊ लागले की मालक गोंधळतो, परंतु ही विविधताच रॅमविरुद्धचा पुरावा असते, कारण रॅममधील बिघडलेली जागा आज एका ड्रायव्हरच्या वाट्याला येते तर उद्या दुसऱ्याच्या, आणि दोष मात्र ती जागा वापरणाऱ्याच्या नावावर लागतो.

कोकण किनाऱ्यावरील एका घरातील संगणकाचे उदाहरण या दृष्टीने बोधक आहे. त्याची रॅम वाढवण्यासाठी जुन्या पट्टीशेजारी वेगळ्या बनावटीची नवी पट्टी बसवली गेली आणि काही दिवसांतच ब्लू स्क्रीन येऊ लागला. दुरुस्तीसाठी विंडोज नव्याने टाकली गेली, काही काळ यंत्र नीट चालले, पुन्हा तेच सुरू झाले आणि पुन्हा फॉरमॅट झाला. मधल्या शांततेमुळे उपाय बरोबर असल्याचा भास झाला. प्रत्यक्षात कोऱ्या विंडोजला रॅम कमी लागते, त्यामुळे सदोष जागेपर्यंत काम पोचायला वेळ लागतो. दरम्यान डेस्कटॉपवर ठेवलेली छायाचित्रे आणि हिशेबाच्या फाइल कायमच्या गेल्या, आणि ही हानी मूळ बिघाडाने नव्हे तर उपचाराच्या घाईने झाली.

पुढे कॅबिनेट उघडले गेले तेव्हा पट्ट्यांच्या खालच्या कडेवरील सोनेरी संपर्कांवर, विशेषतः खाचेच्या दोन्ही बाजूंना, खाऱ्या दमट हवेने धरलेला करडा थर दिसला. अशा वेळी प्लग काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवून, मऊ पांढऱ्या खोडरबराने संपर्क हलके पुसणे आणि खोडरबराचा चुरा मदरबोर्डवरील खाचेत जाऊ न देणे एवढे पुरते. थर गेला तरी ब्लू स्क्रीन गेला नाही, म्हणून पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारे साधन रात्रभर चालवले गेले. दोन्ही पट्ट्या असताना लाल अक्षरांतल्या त्रुटींच्या ओळी जवळजवळच्या पत्त्यांवर उमटत गेल्या. मग त्याच खाचेत एकेक पट्टी बसवून चाचणी घेतल्यावर जुनी निर्दोष ठरली आणि नवी सदोष. रॅमवर सहसा अनेक वर्षांची हमी असते, त्यामुळे जपून ठेवलेल्या बिलावर ती बदलून मिळाली.

या उदाहरणात चाचणीइतकेच महत्त्व एका वेळी एकच बदल करण्याला आहे. बायॉसमध्ये ‘एक्सएमपी’, म्हणजे रॅमला वाढीव वेगाने चालवणारी मांडणी, सुरू असेल तर प्रथम ती बंद करून पाहावी, कारण काही पट्ट्या मूळ वेगालाच बिनचूक चालतात. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा धुळीने भरलेला पंखा आणि सुकलेली थर्मल पेस्ट यांमुळेही यंत्र थांबते. मिनिडंप न लिहिताच संगणक अचानक बंद होत असेल आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ एवढीच नोंद असेल, तर यूपीएसची बॅटरी, अर्थिंग आणि एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणारे युनिट, तपासावेत.

ड्रायव्हर संशयित असल्यास तो निर्मात्याच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावा अथवा मागील आवृत्तीवर परतावे. सर्व ड्रायव्हर एका फटक्यात अद्ययावत करून देणारी सॉफ्टवेअर टाळावीत. विंडोजच्या फाइल बिघडल्याची शंका ‘सिस्टिम फाइल चेकर’ने फिटते. ब्राउझरमध्येच निळा पडदा उघडून फोन नंबरवर संपर्क साधण्यास सांगितले जात असेल तर ती फसवणूक असते, कारण खऱ्या ब्लू स्क्रीनवर फोन नंबर कधीच नसतो. पैसे गेले असल्यास विनाविलंब १९३० या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर कळवावे.

कोणतीही चाचणी घेण्याआधी, आणि डिस्कचा कोड आला असेल तर इतर सर्व बाजूला ठेवून, कागदपत्रे व छायाचित्रे बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवावीत. बिटलॉकर हे कूटबद्धीकरण सुरू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी, कारण बायॉसमध्ये किंवा भागांत बदल केल्यावर विंडोज ती मागू शकते आणि ती नसेल तर धडधाकट डिस्कवरील माहितीही हाती लागत नाही. रॅम, डिस्क, उष्णता आणि बाहेरून येणारी वीज निर्दोष ठरल्यावर फॉरमॅट करणे रास्त असते. मात्र मिनिडंपचे फोल्डर आधी पेनड्राइव्हवर घ्यावे आणि नवी विंडोज टाकल्यावर बाहेरचे एकही सॉफ्टवेअर न घालता यंत्र काही दिवस भरपूर वापरून पाहावे. त्या कोऱ्या अवस्थेतही ब्लू स्क्रीन आला तर शोध मुख्यतः मदरबोर्ड, एसएमपीएस आणि प्रोसेसर यांकडे वळतो, आणि ते एकेक बदलून पाहण्यासाठी सुटे भाग हाताशी असलेल्या तंत्रज्ञाकडे यंत्र मिनिडंपच्या फाइलींसह सोपवावे.