शेतघरावरील सुतारकाम : हत्यारांची निवड व वापर

ऐन कोळपणीत कुदळीचा दांडा मोडला किंवा गोठ्याच्या फाटकाची पट्टी तुटली, तर दुरुस्तीसाठी तालुक्याला जाण्यात दिवस मोडतो आणि तेवढ्यात वाफसाही निघून जातो. अनेक गावांत आता सुतार वेळेवर मिळत नाही. अशी लहान कामे शेतकरी बंधूंना घरच्या घरी करता येतात. त्यासाठी पेटीभर हत्यारे लागत नाहीत. मोजकी, चांगल्या पोलादाची व धारदार हत्यारे पुरेशी होतात.

कोणती हत्यारे घ्यावीत?

१) गुण्या : विकत घेताना दुकानातच तपासावा. फळीच्या सरळ कडेला गुण्या लावून रेघ ओढावी, नंतर तो उलटा करून त्याच ठिकाणी दुसरी रेघ ओढावी. दोन्ही रेघा एकमेकींवर आल्या तरच गुण्या काटकोनात आहे असे समजावे.

२) करवत : तंतूंना आडवे कापण्याच्या करवतीचे दात सुरीसारखे, तर उभे चिरण्याच्या करवतीचे दात पटाशीसारखे असतात. एकच घ्यायची असल्यास आडवे कापणारी, २५ मि.मी.ला ८ ते १० दातांची घ्यावी. पाते हलके वाकवून सोडल्यावर सरळ झाले पाहिजे.

३) पटाशा : ६, १२ व २५ मि.मी. रुंदीच्या तीन पटाशांत बहुतेक कामे होतात. ठोकण्यासाठी लाकडी हातोडा वापरावा. लोखंडी हातोडीने मूठ फाटते.

४) रंधा, गिरमिट, हातोडी, पक्कड, तिकोनी कानस व दोन बाजूंची सहाण.

५) शिकंजा : याला फाटा देऊ नये. लाकूड पायाखाली दाबून काम करताना हत्यार घसरले की थेट पायावर येते.

विजेची ड्रिल मशीन नंतर घेतली तरी चालते. ती वापरताना डोळ्यांवर चष्मा असावा. उपरणे किंवा सैल बाह्या फिरत्या भागाजवळ नेऊ नयेत.

धार कशी लावावी?

बोथट हत्याराला जोर जास्त लावावा लागतो, त्यामुळे ते घसरते व इजा होते. पटाशी व रंध्याच्या पात्याचा उतार २५ अंशांचा ठेवावा. कोन मोजण्याचे साधन नसल्यास उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या दुपटीहून थोडी अधिक ठेवावी. चाकावर घासताना पाते वारंवार पाण्यात बुडवावे. टोक निळे पडले तर पोलादाचे पाणी उतरले असे समजावे. अशी धार टिकत नाही. शेवटी सहाणेच्या बारीक बाजूवर धार काढावी आणि मागे वळलेली कोर पाठ सपाट धरून घासून टाकावी.

दांडा बसविताना

दांड्यासाठी बाभळीचे वाळलेले, गाठी नसलेले लाकूड घ्यावे. तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलेले असावेत. तिरप्या तंतूंचा दांडा घाव बसताच मोडतो. ओल्या लाकडाचा दांडा वाळल्यावर आकसतो व नेढ्यात ढिला होतो.

ढिली कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती टाळावी. लाकूड फुगते, पण नेढ्यात जागा नसल्याने त्याचे तंतू दबतात. वाळल्यावर दांडा आधीपेक्षा जास्त ढिला होतो आणि पाते निसटून शेजारच्या मजुराला लागू शकते. त्याऐवजी दांड्याच्या टोकाला चीर पाडून सुकी पाचर ठोकावी. दांडा झिजला असल्यास बदलावा.

काही सूचना

* पटाशी चालविताना दोन्ही हात धारेच्या मागे ठेवावेत.
* जुने लाकूड कापण्यापूर्वी त्यातील खिळे काढावेत.
* पावसाळ्यात हत्यारे पुसून, तेलाचा हात देऊन कोरड्या पेटीत ठेवावीत.
* हत्यारे मुलांच्या हाती लागणार नाहीत याची काळजी घ्यावी.

उन्हाळ्यात सवड असताना दोन दांडे तासून, जवसाचे तेल लावून सावलीत ठेवावेत. म्हणजे हंगामात दांडा मोडला तरी काम तासाभरात पुन्हा सुरू करता येते.