आई-वडिलांचा सांभाळ : लातूरचा ठराव आणि आपण शिक्षक-पालक



नोव्हेंबर २०२० मध्ये लातूर जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेने एक ठराव घेतला. जे कर्मचारी आई-वडिलांना सांभाळत नाहीत, त्यांच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापायची आणि ती आई-वडिलांच्या बँक खात्यात जमा करायची. डिसेंबरपासून कपात सुरूही झाली. जानेवारी २०२१ च्या अखेरीस जिल्हा परिषदेच्या तत्कालीन अध्यक्षांनी सांगितलं की एकूण १२ कर्मचाऱ्यांविरुद्ध तक्रारी आल्या आणि त्यांतल्या ७ जणांची पगारकपात सुरू आहे. काहींच्या बाबतीत ही रक्कम महिन्याला १५ हजारांपर्यंत होती. नोटीस हातात पडल्यावर काही जणांनी आई-वडिलांशी बोलून विषय मिटवला.

त्या १२ जणांमध्ये ६ शिक्षक होते.

तक्रार आली म्हणजे दोष सिद्ध झाला असं नाही, हे मान्य. तरीही हा आकडा आपल्याला टोचायला हवा. परिपाठात श्रावणबाळाची गोष्ट आपणच सांगतो. ‘माझे आजोबा’ या विषयावर निबंध आपणच लिहून घेतो. म्हणून हा पाठ मुलांना शिकवण्याआधी आपण स्वतः शिकू या.

१. छळ कशाला म्हणायचं?

ज्येष्ठांचा छळ म्हटलं की मारहाण डोळ्यांसमोर येते. पण बहुतेक घरांत हात उगारला जात नाही. तिथे हे घडतं :

- आजी बोलायला लागली की ‘तुला काय कळतंय, गप बस’ म्हणणं. चार दिवस तिच्याशी अबोला धरणं.
- पेन्शनचं किंवा श्रावणबाळ योजनेचं पासबुक नि एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवणं. त्यांचेच पैसे त्यांना मागून घ्यावे लागणं.
- न सांगता, न वाचून दाखवता कागदावर अंगठा घेणं.
- चष्मा फुटला, दात दुखतो, बीपीची गोळी संपली, तरी ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणत राहणं.
- सगळ्यांचं झाल्यावर, उरलंसुरलं वाढणं.
- लग्नकार्यात ‘तुम्ही कशाला येता, त्रास होईल’ म्हणून घरीच ठेवणं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात साठीपुढच्या दर ६ माणसांपैकी सुमारे एकाला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या छळाला तोंड द्यावं लागतं. १५ जून हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी याच विषयाच्या जागृतीसाठी ठरवला आहे. आपल्याकडे नेमक्या याच सुमारास शाळा सुरू होतात, म्हणून वर्षाचा पहिला पाठ हा घेता येतो.

२. आपल्या भागात हे कसं घडतं?

नांदेड-लातूरकडच्या खेड्यांत एक पद्धत आपण सगळ्यांनी पाहिली आहे. शेताची वाटणी झाली की आई-वडिलांचीही होते. आई थोरल्याकडे, बाप धाकट्याकडे. नाहीतर महिन्या-महिन्याची पाळी. पन्नास वर्षं एका चुलीवर जेवलेली दोन माणसं म्हातारपणी दोन घरांत राहतात. कुणी कुणाला मारलेलं नसतं, सगळं ‘समजुतीने’ झालेलं असतं. पण त्या दोघांना कुणी विचारलेलं नसतं.

दुसरं कारण शिक्षणाशी जोडलेलं आहे. दहावीनंतर लेकराला लातूरला किंवा नांदेडला क्लासला टाकायचं म्हणून आई तिथे खोली करून राहते, वडील कामावर, आणि म्हातारी माणसं गावात एकटी. किंवा उलट, सत्तरीतली आजीच खोलीवर स्वयंपाकाला जाते. तिची ओळखीची माणसं, देऊळ, अंगण सगळं गावात राहतं. मुखेड-कंधारकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर आजी-आजोबाच सहा-सहा महिने नातवंडं सांभाळतात. तिथे पालकसभेला येणारा पालक म्हणजे आजीच.

यातलं कुणी मुद्दाम वाईट वागतंय असं नाही. लेकराचं भविष्य घडवताना म्हाताऱ्या माणसाचा विचार मागे पडतो. दुर्लक्षाची सुरुवात बहुधा अशीच होते.

३. सांभाळणाऱ्यालाही सांभाळायला हवं

फुटक्या परळात आजोबांना वाढणाऱ्या बापाची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. नातू ते परळ जपून ठेवतो आणि म्हणतो, ‘बाबा, तुम्ही म्हातारे झाल्यावर लागेल.’ गोष्ट चांगली आहे. पण ती फक्त भीती घालते. लकवा झालेल्या सासऱ्यांचं अंथरूण दिवसातून तीनदा बदलणाऱ्या सुनेने काय करावं, हे ती सांगत नाही.

आपल्या घरांत सेवा बहुतेक वेळा एकाच बाईच्या वाट्याला येते. सून, नाहीतर माहेरी राहिलेली लेक. रात्रीची झोप नाही, माहेरी जाणं नाही, आणि दीर-नणंदा फोनवर सूचना देणार. एक दिवस तिचा आवाज चढतो, हाताला हिसका बसतो. तो हिसका चूकच आहे. पण तो टाळायचा असेल तर ती थकण्याआधीच कुणीतरी तिथे पोचलं पाहिजे. म्हणून :

- भावा-बहिणींनी माणूस वाटून घेऊ नका, काम वाटून घ्या. एकाने दवाखाना, एकाने औषधाचा खर्च, एकाने महिन्यातून चार दिवस येऊन राहणं. माणूस मात्र त्याच्या पसंतीच्या घरी राहू द्या.
- सेवा करणाऱ्या व्यक्तीला आठवड्यातून निदान अर्धा दिवस सुट्टी मिळालीच पाहिजे. ती मागताना तिला अपराधी वाटू देऊ नका.
- आजोबा तेच तेच विचारतात, घराची वाट चुकतात, ‘माझे पैसे चोरले’ म्हणतात, तर तो हट्ट नसून स्मृतिभ्रंश असू शकतो. ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आणि नांदेडचं विष्णुपुरी येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्या जवळच आहे.
- मन थकलं असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर सेवा करणारी व्यक्तीही बोलू शकते.

४. कायदा काय सांगतो?

‘आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम’ २००७ साली झाला. त्यातल्या या गोष्टी प्रत्येक घरात माहीत हव्यात :

- जबाबदारी फक्त मुलाची नाही. मुलगी, सज्ञान नातू आणि नातही कायद्याने जबाबदार आहेत. अपत्य नसलेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत, ज्याला त्यांची मालमत्ता मिळणार तो नातेवाईक जबाबदार.
- अर्ज प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. निलंगा, उदगीर, अहमदपूर, देगलूर, कंधार, किनवट अशा ठिकाणी ही कार्यालयं आहेत. लातूर किंवा नांदेड शहर गाठायलाच हवं असं नाही. वकील लावण्याची गरज नाही. ज्येष्ठ स्वतः जाऊ शकत नसतील तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते.
- नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निर्णय व्हावा, अपवाद म्हणून आणखी ३० दिवस. महिन्याला १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो.
- ज्येष्ठांना सोडून देणं हा गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.
- ‘सांभाळ करीन’ या अटीवर जमीन किंवा घर नावावर करून घेतलं आणि सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईचं मुलाच्या नावे केलेलं बक्षीसपत्र याच कारणाने रद्द ठरवलं. मात्र अट सिद्ध व्हावी लागते. म्हणून सही करण्याआधी ती दस्तातच लिहून घ्या. आणि जिवंतपणी सगळं नावावर करायलाच हवं असंही नाही.

अडचणीत असलेल्या ज्येष्ठांसाठी १४५६७ ही देशभराची मोफत हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते. शेजाऱ्यानेही फोन केला तरी चालतो. जिवाला धोका असेल तर ११२.

लातूरसारखा विचार आसाम राज्याने त्याआधी कायदा करून केला होता. तिथे पगारातून १० टक्के, आणि दिव्यांग भावंडही अवलंबून असेल तर १५ टक्के कपातीची तरतूद आहे. पण पगार कापायला आधी पगार असावा लागतो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या, मजुराच्या घरी काय कापणार? आणि खात्यात पैसे आले तरी दोन शब्द बोलायला कुणी येतं असं नाही. कायदा शेवटचा उपाय आहे. त्याच्या आधीचं काम आपलं.

५. शाळेत काय करता येईल?

*आजी-आजोबा दिवस.* २०२३ पासून राज्यातल्या शाळांत १० सप्टेंबरला हा दिवस साजरा करायचा आहे. फुलं देऊन, पाय धुऊन फोटो काढले की संपलं असं करू नका. जे आले त्यांचा सत्कार जरूर करा, पण कोण आलं नाही याकडेही लक्ष द्या. पुढच्या आठवड्यात सहज त्यांच्या घरावरून जा, चहा घ्या, म्हाताऱ्या माणसाशी दहा मिनिटं बोला.

*मुलाने काही सांगितलं तर.* ‘बाई, आमच्या आजीला पडवीतच जेवायला देतात’ असं एखादं लेकरू निबंधात लिहून जातं. ते वर्गात मोठ्याने वाचू नका. लेकराची उलटतपासणी करू नका, त्याला घरावर पाळत ठेवायला लावू नका. त्याचं नाव मध्ये न आणता पालकांशी बोला. सुरुवात आरोपाने न करता ‘घरी आजारपण आहे का, काही मदत लागते का?’ या प्रश्नाने करा. मारहाण किंवा उपासमार दिसली तर मात्र थांबू नका, हेल्पलाइनला कळवा.

*स्वाध्याय.* ‘माझे आजोबा’ निबंधाऐवजी मुलांना तीन प्रश्न घरी विचारून यायला सांगा : तुम्हाला काय खायला आवडतं? तुम्हाला कुठे जावंसं वाटतं? तुमच्याशी शेवटचं निवांत कोण बोललं? उत्तरं वहीत लिहायची सक्ती नको. विचारलं एवढंच पुरे.

शेवटी

पालकहो, हेच तीन प्रश्न आज संध्याकाळी तुम्हीही विचारा. आई-वडील गावी असतील तर फोन लावा, आणि ‘जेवलात का, गोळी घेतली का’ एवढ्यावर ठेवू नका. भाऊ-वहिनीकडे असतील तर वहिनींनाही विचारा, ‘तुम्हाला चार दिवस कधी मोकळे पाहिजेत?’

आणि शिक्षक मित्रांनो, आपण फळ्यावर काय लिहितो यापेक्षा सुट्टीच्या दिवशी आपण कुणाच्या उशाशी बसतो, हे आपल्या घरातली लेकरं रोज बघत असतात. लातूरच्या त्या यादीत पुन्हा आपल्यातल्या कुणाचं नाव येऊ नये, एवढं तरी आपण नक्की करू शकतो.