ढेकण्या : एक कीटक, सहा रूपे

पावसाळा सरत आला की जबलपूरमध्ये संध्याकाळी दिव्याभोवती पाखरांची गर्दी होते. त्या गर्दीत नखाएवढा, हिरवागार, ढालीच्या आकाराचा एक कीटक हमखास दिसतो. तो बोटांत दाबला गेला तर हाताचा उग्र वास लवकर जात नाही. मराठीत याला हिरवा ढेकण्या म्हणतात. याचे शास्त्रीय नाव नेझारा विरिडुला.

नाव ऐकून कोणीही गाद्या उन्हात टाकायला धावू नये. गादीतला ढेकूण तपकिरी असतो, त्याला उडता येत नाही आणि तो माणसाचे रक्त पितो. ढेकण्याला पंख असतात आणि तो झाडाचा रस पितो. दोघे एकाच गणातले आहेत, हे मात्र खरे. १७५८ मध्ये लिनियसने तर दोघांना एकाच वंशात (जीनसमध्ये) ठेवले होते. पुढे ते वेगळे झाले.

ओळखायचे कसे?

पूर्ण वाढलेला ढेकण्या सुमारे १२ ते १५ मिलिमीटर लांब असतो. पाठीच्या मधोमध एक मोठा त्रिकोण असतो आणि त्या त्रिकोणाच्या वरच्या कडेला तीन बारीक पांढरे ठिपके असतात. हे ठिपके म्हणजे त्याचा बिल्लाच! त्याच्या मिशांना पाच खंड असतात. त्यावरूनच त्याच्या कुळाला पेंटाटोमिडी हे नाव पडले. तोंडाच्या जागी सुईसारखी सोंड असते. काम नसताना ती पोटाखाली दुमडलेली असते.

अंड्यापासून पंखांपर्यंत

मेसमागच्या वाफ्यात चवळीच्या एका पानाखाली मला सप्टेंबरमध्ये याची अंडी सापडली. रोज पीटीनंतर पाच मिनिटे मी ती पाहत असे. अंडी लहान पिंपासारखी, फिकट पिवळी आणि ड्रिलच्या रांगांसारखी एकमेकांना चिकटून उभी होती. मादी एका वेळी साधारण ३० ते १३० अंडी घालते. उबदार हवेत पाचएक दिवसांत ती गुलाबी-केशरी होतात आणि पिल्ले बाहेर पडतात.

फुलपाखराच्या अळीचा कोष होतो, तसा कोष ढेकण्याला नसतो. त्याचे पिल्लू पाच वेळा कात टाकते. पहिल्या अवस्थेतली पिल्ले जेमतेम मिलिमीटरभर लांब असतात. ती काही खात नाहीत, रिकाम्या अंड्यांभोवती घोळका करून बसतात. दुसऱ्या अवस्थेत ती काळपट होतात, अंगावर पांढरे ठिपके येतात आणि रस पिणे सुरू होते. तिसऱ्या अवस्थेत ठिपके ठळक होतात. चौथ्या अवस्थेत हिरवा रंग दिसू लागतो. पाचव्या अवस्थेत पंखांच्या छोट्या कळ्या स्पष्ट दिसतात आणि कडेला लालसर ठिपके असतात. शेवटची कात टाकली की पंख मिळतात. उन्हाळी हवेत अंड्यापासून इथपर्यंत सुमारे ३५ दिवस लागतात, थंडीत त्याहून बरेच जास्त. कडक थंडीच्या प्रदेशात प्रौढ ढेकण्या सालीखाली किंवा पालापाचोळ्यात दडतो आणि हिरव्याचा तपकिरी होतो. ऊब आली की पुन्हा हिरवा!

म्हणजे पाच अवस्थांची पिल्ले आणि एक प्रौढ अशी सहा रूपे झाली. एकाच वेलावर ही सगळी पाहिली तर ते चार-पाच वेगळे कीटक आहेत असेच वाटेल.

वास कशासाठी?

वास हे त्याचे शस्त्र आहे. प्रौढाच्या वासाच्या ग्रंथी छातीच्या खालच्या बाजूला असतात, तर पिल्लांच्या पोटाच्या पाठीकडील बाजूला. धोका वाटला की त्यांतून द्रव बाहेर पडतो. गंमत म्हणजे या द्रवातली डेसेनालसारखी काही रसायने आपल्या कोथिंबिरीतही असतात. म्हणून काही जणांना कोथिंबिरीला ढेकणाचा वास येतो.

नुकसान किती?

हा कीटक ३० पेक्षा जास्त कुळांतल्या वनस्पतींवर जगतो, पण कोवळ्या शेंगा त्याला विशेष आवडतात. सोयाबीनच्या शेंगेत सोंड खुपसून तो लाळ सोडतो आणि दाण्यातला रस ओढतो. शेंग बाहेरून धड दिसते, आत मात्र दाणा सुरकुतलेला असतो. जबलपूरशी या पिकाचे जवळचे नाते आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय इथेच आहे. विदर्भ-मराठवाड्यात घरोघरी माहीत असलेले 'जे.एस. ३३५' हे सोयाबीनचे वाण याच विद्यापीठाचे. जे.एस. म्हणजे 'जवाहर सोयाबीन'. त्यामुळे ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांच्यासाठी हा धडा फक्त परीक्षेपुरता नाही.

सगळे ढेकण्ये शत्रू नाहीत

याच कुळातला इओकँथेकोना नावाचा ढेकण्या अळ्यांची शिकार करतो. तो तपकिरी असतो आणि त्याच्या दोन्ही खांद्यांवर टोकदार काटे असतात. त्याची पिल्ले लाल-काळी असतात. पीक खाणाऱ्या अळीच्या अंगात तो आपली जाड सोंड खुपसतो आणि तिला शोषून घेतो. रस पिणाऱ्या ढेकण्याची सोंड बारीक असते, शिकाऱ्याची जाड. फरक एवढा साधा आहे, पण तो पाहायला खाली वाकावे लागते.

दुसरा मित्र त्याहून लहान आहे. ट्रिसोल्कस नावाची चिमुकली गांधीलमाशी हिरव्या ढेकण्याच्या अंड्यात स्वतःचे अंडे घालते. अशी अंडी काळपट पडतात आणि त्यांतून ढेकण्याऐवजी गांधीलमाशा निघतात. म्हणून काळी पडलेली अंडी पाहून 'रोग आला' म्हणत पान जाळले तर आपण आपलेच सैनिक मारतो. सरसकट विषारी फवारणी केली तरी तेच होते. शत्रू मरतो, पण मित्रही मरतो, आणि पुढच्या वेळी शत्रूला अडवायला कोणी उरत नाही.

घरच्या बागेत काय करावे?

आई-बाबांसाठी सोपा उपाय आहे. सकाळी ढेकण्ये सुस्त असतात. तेव्हा भांड्यात साबणाचे पाणी घ्यावे, ते फांदीखाली धरावे आणि फांदी हलवावी. ढेकण्ये खाली पडतात. पानाखाली पिवळी किंवा गुलाबी अंडी दिसली तर तेवढे पान काढावे, काळपट असतील तर राहू द्यावे. खांद्यावर काटे असलेल्याला हात लावू नये.

मित्रांनो, रेंजवर आपल्याला पहिली गोष्ट शिकवतात ती म्हणजे लक्ष्य ओळखल्याशिवाय ट्रिगरवर बोट ठेवायचे नाही. शेतात आणि बागेतही हाच नियम लागू आहे. औषधाचा पंप उचलण्याआधी पान उलटून बघा, सोंड बघा, खांदे बघा. मग ठरवा.