रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके घ्यावीत काय?

प्रश्न : वय 51, पाळी थांबून दीड वर्ष झाले. रात्री अंगातून वाफा निघतात, घामाने उशी भिजते, झोप लागत नाही. डॉक्टर संप्रेरके सुचवतात. शेजारणी म्हणतात, कर्करोग होईल. काय करावे?

उत्तर : आपल्या शेजारणींच्या भयाचे मूळ 2002 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ज्या विस्तृत चाचणीत आहे, तीतील स्त्रियांचे सरासरी वय 63 होते, आणि इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन ही संप्रेरके एकत्र घेणाऱ्या दर 10,000 स्त्रियांमागे वर्षाला स्तनकर्करोगाचे सुमारे 8 रुग्ण अधिक, तर खुब्याचे अस्थिभंग सुमारे 5 ने कमी आढळले, ही तपशीलवार हकीकत मात्र बहुधा कोणी सांगत नाही. रात्र-रात्र जागून हा त्रास निमूट सोसणे हे स्त्रीचे कर्तव्य आहे, असे आपणांस कोणी सांगितल्यास ते मुळीच मानू नये. आपण साठीच्या आत असून पाळी जाऊन दहा वर्षे लोटलेली नसल्यामुळे, पूर्वी स्तनकर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, हृदयविकार, यकृताचा विकार अथवा कारण न उमगलेला रक्तस्राव यांपैकी काहीही नसेल, तर आपल्या बाबतीत लाभाचे पारडे जड आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. केवळ हृदयरक्षणाच्या आशेने मात्र हे औषध घेऊ नये.

गर्भाशय शाबूत असेल, तर नुसते इस्ट्रोजेन कदापि नको. त्याने आतील अस्तर वाढून तेथेच कर्करोग संभवतो, म्हणून प्रोजेस्टेरॉनची जोड अवश्य हवी. गोळीपेक्षा त्वचेवरील पट्टीने वा जेलने गुठळीचा धोका कमी असतो. प्रारंभी रक्तदाब तपासून घ्यावा व मॅमोग्राफी करून घ्यावी, आणि औषध चालू ठेवायचे की नाही, हे दरवर्षी डॉक्टरांसमवेत नव्याने ठरवावे.